प्रकल्प नोंदी: दोन मशीन, एक फोल्डर आणि पाकळीचा ल

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही आणि १० ला १४ ऑक्टोबरनंतर नेहमीच्या सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत. मशीन मात्र ठणठणीत आहे. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एसएसडी बसवून आणली, तेव्हापासून तक्रार नाही. असं चालतं मशीन मोडीत काढायचं माझ्या मनात येत नाही. मागच्याच शनिवारी, ९ तारखेला, डेबियन १३ (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं एक रूप) आलं. आज तेच टाकलं. डेस्कटॉप, म्हणजे मेनू, खिडक्या आणि पॅनेल दाखवणारा भाग, एक्सएफसीई, कारण ४ जीबीत ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एकदम उघडं ठेवायचं तर हलकंच हवं.

याआधी दोनदा लिनक्स टाकलं होतं. दोन्ही वेळा तीन-तीन आठवडे खपून सगळं हवं तसं लावून घेतलं, आणि एकदा डिस्क गेली, एकदा मशीन बदललं, की परत पहिला दिवस. मेनूत शिरून माउसनं लावलेलं काही आठवत नाही. कुठली खूण कुठल्या खिडकीत केली होती, ते तर अजिबातच नाही. म्हणून या वेळी नियम ठरवला: जे बदलायचं ते फाइलीत बदलायचं, आणि ओळीच्या वर ती का घातली ते मराठीत लिहायचं. नुसती ओळ असून भागत नाही. सहा महिन्यांनी ती ओळ काढू की ठेवू, हे तिच्या कारणावरूनच कळतं.

माझं काम प्रूफं तपासायचं. लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसची पुस्तकं, अहवाल, क्वचित लग्नपत्रिकाही. म्हणजे दिवसाचे आठ तास मराठी अक्षरं डोळ्यांसमोर. थीम, वॉलपेपर, पारदर्शक खिडक्या यांत मला रस नाही. मला हवंय ते हे, की मशीननं मराठी नीट दाखवावी, नीट लिहू द्यावी, आणि उद्या मशीन बदललं तरी हे सगळं तासाभरात परत उभं राहावं.

१७ ऑगस्ट, रविवार

फाइलींची व्यवस्था लावली.

लिनक्सवर माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या घराच्या फोल्डरात टिंबानं सुरू होणाऱ्या फाइलींत असतात. टिंब असलं की फाइल यादीत दिसत नाही. ही सोय कोणी ठरवून केलेली नव्हती. जुन्या युनिक्समध्ये फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेनं ‘हेच फोल्डर’ आणि ‘वरचं फोल्डर’ या दोन नोंदी गाळाव्यात म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि टिंबाच्या सगळ्याच फाइली लपल्या. पुढं लोकांनी त्याचाच वापर केला. आता बरेच प्रोग्रॅम आपलं सामान डॉट-कॉन्फिग नावाच्या एकाच फोल्डरात ठेवतात, त्यामुळं आवराआवर सोपी झाली आहे.

माझी मांडणी: घरात ‘मांडणी’ याच नावाचं एक फोल्डर. त्यात विषयवार पोटफोल्डर: शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम), फॉन्ट, कळफलक, थुनार (फाइलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम), स्क्रिप्ट (आज्ञांच्या फाइली). सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. ग्नू स्टो हा छोटा प्रोग्रॅम त्या पोटफोल्डरांतल्या फाइलींचे दुवे योग्य जागी टाकतो. मूळ फाइल माझ्या फोल्डरात, प्रोग्रॅमला ती त्याच्या जागी दिसते. किल्ल्या, पासवर्ड, ब्राउझरचं प्रोफाइल यातलं काहीही या फोल्डरात येणार नाही, हे पहिल्याच टिपणात लिहून ठेवलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. दुपारपासून वीज नाही. प्रूफं कागदावर तपासली.

२३ ऑगस्ट, शनिवार

कळफलक. प्रेसमधली जुनी माणसं टाइपरायटरच्या मांडणीवर वाढली, तरुण पोरं इंग्रजी स्पेलिंगातून मराठी उमटवतात. मी इनस्क्रिप्टवर आहे आणि राहणार. १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी आली. तिची रीत वर्णमालेची आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा बोटांत बसली की अक्षर आणि कळ यांच्यामध्ये इंग्रजी येत नाही. प्रूफाच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा विचार बोटांतच होतो. ऱ्हस्व वेलांटीची कळ वेगळी, दीर्घ वेलांटीची वेगळी.

ळ म्हणजे शिफ्ट आणि ल ची कळ. आणि माझी परीक्षा घेणारं अक्षर म्हणजे ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्य. इंग्रजी स्पेलिंगातून टंकणारे तिथं हमखास ‘वार्यावर’ करून ठेवतात आणि मी आयुष्यभर तांबड्या पेनानं तो रफार खाली आणत असते. दोन्हींत र आणि य च आहेत, पण ‘आचार्य’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ‘वाऱ्या’ मधला अर्धचंद्रासारखा शेजारी उभा राहतो, कारण उच्चारात मागच्या अक्षरावर आघात येत नाही. इनस्क्रिप्टवर हे सरळ आहे: र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो, मग हलन्त, मग य. तीन कळा आणि अक्षर बिनचूक.

व्यवस्थेच्या फाइलीत दोन मांडण्या दिल्या: इंग्रजी आणि मराठीची एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट. अदलाबदल कॅप्स लॉकच्या कळेवर. इतक्या मोक्याच्या जागेवरची ती कळ मला मोठ्या इंग्रजी अक्षरांसाठी कधीच लागत नाही. शिवाय एक पर्याय असा, की मराठी चालू असेपर्यंत कॅप्सचा दिवा पेटलेला राहतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात बघावं लागत नाही, दिवा बोटाशेजारीच आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी आबा चहा घेऊन मागे उभे राहिले. मी फाइलींच्या यादीत काही शोधत होते. यादीत ‘लेखमाला’ नावाचं फोल्डर. आबा म्हणाले, “हा ल आपला नव्हे. ह्याला दांडा कशाला दिलास?”

मी दिला नव्हता. पण ते म्हणाले त्यात खोट नव्हती. आबांनी पहिलीच्या वर्गाला तीस वर्षं अक्षरं गिरवून घेतली. पाटीवर ल काढायचा तर आधी दोन पाकळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि मग दोघींच्या मधून वर शिरोरेषेपर्यंत छोटा देठ. हिंदीचा ल वेगळा: डावीकडं वळण आणि उजवीकडं वरपासून खालपर्यंत सरळ दांडा. श चंही तसंच, दोन घडणी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं धरली आहेत. आमच्या प्रेसमध्ये पुस्तकाच्या प्रूफात दांड्याचा ल आला तर मी फॉन्ट बदलायला लावते. आणि माझ्याच मशीनवर तो आठवडाभर समोर होता, मला दिसला नाही. डोळा सरावतो, तो असा.

“फॉन्ट बदल की,” आबा म्हणाले. मलाही तेच वाटलं होतं. पण मशीनवर नोटो सान्स देवनागरी आहे आणि त्यात मराठीची रूपं आहेत हे मला माहीत आहे. लिब्रेऑफिसात तोच फॉन्ट पाकळीचा ल दाखवतो. मग यादीत का नाही?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. मशीन बंद.

३१ ऑगस्ट, रविवार

ल चं कोडं सुटलं. सविस्तर लिहिते, कारण हेच या सगळ्या खटाटोपाचं मुख्य काम ठरलं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला अंक देणाऱ्या मानकात, ल एकच आहे. हिंदीचा वेगळा, मराठीचा वेगळा असे दोन अंक नाहीत. दोन्ही रूपं फॉन्टच्या पोटात असतात आणि मजकूर कुठल्या भाषेचा आहे ते कळलं की फॉन्ट त्या भाषेचं रूप पुढं करतो. म्हणजे फॉन्ट कितीही चांगला असला तरी त्याला कोणीतरी ‘हे मराठी आहे’ असं सांगावं लागतं. लिब्रेऑफिसात मजकुराची भाषा मराठी अशी मीच निवडलेली होती, म्हणून तिथं बरोबर. ब्राउझरमध्ये पान स्वतःची भाषा सांगतं. पानानं हिंदी सांगितलं तर दांडा येणार, तिथं माझा इलाज नाही.

उरले मेनू, फाइलींची नावं, खिडक्यांचे मथळे. एक्सएफसीईमध्ये ही अक्षरं पँगो नावाचा भाग मांडतो. पँगो पाहतो वापरणाऱ्याची भाषा कुठली. माझी होती भारतीय इंग्रजी. इंग्रजी तर देवनागरीत लिहिली जात नाही, मग ही देवनागरी कुठल्या भाषेची धरायची? अशा वेळी पँगोकडं लिपीमागं एक ठरलेली भाषा असते, आणि देवनागरीची ठरलेली भाषा हिंदी. म्हणून दांडा. कोणी चूक केली असं नाही. सांगणारं कोणी नसलं की बहुसंख्यांचं धरलं जातं, तसं झालं.

यावर दोन उपाय. पहिला, सगळं मशीनच मराठी करायचं. तो मी आबांसाठी राखून ठेवला. मला मेनू इंग्रजीत लागतात, कारण अडचण आली की मदत त्याच शब्दांनी शोधावी लागते. दुसरा उपाय म्हणजे पँगोला भाषांचा क्रम सांगणारं एक चल, म्हणजे नाव दिलेलं सेटिंग, आहे, त्यात आधी इंग्रजी, मग मराठी असं लिहायचं. मग देवनागरी दिसली की तो यादीत पाहतो, इंग्रजी सोडून देतो, मराठी उचलतो. डेबियनवर घराच्या फोल्डरातली एक्ससेशन-आरसी ही फाइल डेस्कटॉप सुरू होताना वाचली जाते. तीत ही एक ओळ घातली. बॅशच्या, म्हणजे शेलच्या, फाइलीत घालून उपयोग नव्हता, ती टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडल्यावर वाचली जाते, तोवर डेस्कटॉप केव्हाच सुरू झालेला असतो. आधी मी तिथंच घालून तासभर घालवला.

लॉग-आउट करून परत लॉग-इन केलं. ‘लेखमाला’ उघडलं. दोन्ही ल पाकळीचे. यादीत ‘शाळा’ही होतं, त्याचा श देठाचा.

कुठला फॉन्ट वापरायचा ते ठरवणाऱ्या फॉन्टकॉन्फिगची फाइलही सोबत केली: मजकूर मराठी असेल तर पहिली पसंती नोटो सान्स देवनागरीला. नाहीतर मशीनवर देवनागरीचे चार फॉन्ट असले की कुठला उचलला जाईल सांगता येत नाही. जुळणी तपासायची आज्ञा आहे, तिला मराठी सांगून विचारलं, उत्तर बरोबर आलं.

आबांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि म्हणाले, “हां. आता वाचता येतंय.”

७ सप्टेंबर, रविवार

पॅनेल आणि खिडक्यांची बटणं लावायला घेतली आणि इथं माझ्या मांडणीला पहिला धक्का बसला.

एक्सएफसीई आपली बरीचशी सेटिंगं एक्सएमएल फाइलींत ठेवतं. त्या फाइली मी माझ्या फोल्डरात नेल्या, स्टोनं दुवे टाकले, पॅनेलची उंची फाइलीत बदलली. काही झालं नाही. मग मेनूतून दुसरंच काही बदललं, तर माझा बदल पुसला गेला आणि दुव्याच्या जागी साधी फाइल येऊन बसली.

कारण शोधलं. एक्सएफकॉन्फ नावाचा एक सेवक पाठीमागं कायम चालू असतो. सगळ्या किमती त्याच्या स्मरणात असतात. फाइल तो सुरू होताना वाचतो, नंतर फक्त लिहितो. लिहिताना शेजारी नवी फाइल करतो आणि तिला जुनीचं नाव देतो. त्यात माझा दुवा जातो. पद्धत त्याच्या बाजूनं योग्यच आहे: लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाइल राहत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तेव्हा या फाइलींना दुवे द्यायचे नाहीत. त्याऐवजी एक स्क्रिप्ट: त्या सेवकाला विचारण्या-सांगण्याची जी आज्ञा आहे, तिच्या एकवीस ओळी. पॅनेल एकच, खाली. घड्याळ, कळफलकाची खूण, तीन बटणं. फॉन्टचा आकार. खिडकीच्या मथळ्यावर दोनदा टिचकी मारली तर काही होऊ नये, कारण प्रूफात ओळ निवडताना माझा हात हमखास वर सरकतो. प्रत्येक ओळीवर कारण लिहिलं. स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी फळ तेच.

माझं मत: एक्सएमएल गिटमध्ये ठेवण्यापेक्षा हे बरं. त्या फाइलीत खिडकीच्या जागेपासून सगळं असतं, त्यातलं माझं किती आणि मशीनचं किती हे ओळखू येत नाही. स्क्रिप्टीत फक्त माझं आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद. एका चौकटीत एक अक्षर या हिशेबानं तो बांधलेला, आणि जोडाक्षर त्या चौकटीत मावत नाही. एक्सएफसीईच्या टर्मिनलात ‘क्षमा’ चा क्ष फुटतो, हलन्त उघडा पडतो. कॉन्सोल या दुसऱ्या टर्मिनलात बरंच सुसह्य दिसतं, म्हणून तोच टाकला, जरी तो केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा असून सोबत बरंच सामान घेऊन येतो. एवढी जागा मी देईन.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रेसमधून एका अहवालाची फाइल आली. त्यात ‘ॲ’ ची भानगड. काही ठिकाणी अ आणि त्यावर वेगळा चंद्र असे दोन अंक, काही ठिकाणी एकसंध ॲ. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लिहिलेल्या आणि जुन्या सवयीनं टंकलेल्या मजकुरात जोडून केलेला सापडतो. माझ्या मशीनवर जोडलेल्या रूपात मध्ये ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं. बघायला वाईट, पण मला उपयोगी, चूक लांबून दिसते. खरा त्रास शोधण्याचा आहे. ‘ॲक्ट’ शोधलं तर निम्मे ॲक्ट सापडतच नाहीत. युनिकोडची एकरूप करण्याची प्रमाण पद्धत वापरली तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यांचं नातं तिथं नोंदलेलंच नाही.

चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: दिलेल्या मजकुराच्या फाइलीची आधी प्रत काढायची, मग जोडलेला अॅ जिथं असेल तिथं एकसंध ॲ करायचा, आणि किती बदल झाले ते सांगायचं. थुनारमध्ये उजव्या टिचकीच्या यादीत आपली आज्ञा घालता येते, तिथं ‘ॲ नीट कर’ असं नाव दिलं. अहवाल साध्या मजकुरात काढून चालवली: १३७ जागा. प्रेसमधल्या काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “ताई, हे आमच्या मशीनवर पण बसवा की.” त्यांच्याकडं निम्मं काम अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत चालतं. तिथं ही स्क्रिप्ट काही करू शकत नाही, ते त्यांना सांगितलं. तो मोठा विषय आहे, या प्रकल्पात घेत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आबांचं मशीन. बाहेरच्या खोलीतला डेस्कटॉप, भावानं वापरून सोडलेला. आबांना त्यांच्या शाळेच्या आठवणी लिहायच्या आहेत, दोन वह्या भरल्या आहेत.

डेबियन टाकलं, माझं फोल्डर गिटमधून आणलं, स्टो चालवलं. स्टोनं नकार दिला: त्या जागी आधीच खरी फाइल आहे, मी तिच्यावर दुवा टाकणार नाही. बरोबरच आहे. मी त्याचा ‘दत्तक घे’ हा पर्याय वापरला, नावावरून वाटलं की माझी फाइल तिथं जाईल. झालं उलटं. तिथली कोरी फाइल माझ्या फोल्डरात आली आणि माझी, सगळ्या टिपणांसकट, तिच्याखाली गेली. पाच आठवड्यांची शेलची फाइल एका क्षणात डेबियनची मूळ फाइल झाली.

गिट होतं म्हणून निभावलं. एका आज्ञेत माझी आवृत्ती परत आली, आणि दुवे तर तोवर पडलेच होते. म्हणजे शेवटी हवं तेच झालं, पण जीव वर-खाली झाला. टिपणात लिहिलं: आधी स्टोची कोरडी चाल चालवून तो काय करणार आहे ते पाहायचं, जुन्या फाइली हातानं बाजूला करायच्या, मग स्टो. दत्तक घ्यायचं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आबांसाठी गिटमध्ये वेगळी शाखा, म्हणजे त्याच फोल्डराची समांतर आवृत्ती, केली. फरक थोडेच: मशीनची भाषा पूर्ण मराठी, त्यामुळं पँगोची ओळ तिथं लागत नाही. अक्षरांचा डीपीआय (मोठेपणा ठरवणारा अंक) ९६ चा १२०. पॅनेलवर एकच बटण, त्यांच्या लेखनाच्या फोल्डराचं. मेनूतले काही मराठी शब्द त्यांना पटले नाहीत, काही मात्र आवडले.

इनस्क्रिप्ट त्यांना दोन दिवसांत समजली. समजली म्हणजे बोटं वेगानं चालतात असं नव्हे, पण रीत कळली. “स्वर एका हाताला, व्यंजनं एका हाताला. मग ही तर बाराखडी आहे,” असं म्हणाले. कळांवर चिकटवायला अक्षरं कापून दिली होती, ती त्यांनी स्वतःच्या अक्षरात परत लिहिली. कॅप्सचा दिवा त्यांना सगळ्यांत उपयोगी पडतो. दिवा विझलेला दिसला की थांबतात.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला आबा दसरा चौकात सोनं लुटायला गेले ते उशिरा आले, म्हणून गुरुवारी काही झालं नाही. आज तासभर बसले. एक पान लिहून झालं. पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा पाट्या उलट्या करून पोरांच्या डोक्यावर धरायला लावायचे, ते सगळं. ‘वाऱ्यावर’ आला तिथं थांबले. मी काही बोलले नाही. शिफ्ट धरून र, हलन्त, य. उमटलं.

नंतर विचारलं, “त्या ल चं तू जे केलंस, ते कुठं लिहिलंयस?” माझ्या लॅपटॉपवर एक्ससेशन-आरसी उघडून दाखवली. ओळीच्या वर माझं टिपण होतं: पँगो देवनागरीला हिंदी धरतो, म्हणून भाषांच्या क्रमात मराठी घातली. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “हे मशीनचं कारण झालं. आपलं कारण कुठंय?”

मी टिपणाच्या ओळीसाठी हॅशचं चिन्ह टाकून खुर्ची त्यांना दिली. त्यांनी दिवा पाहिला, कॅप्स दाबली, आणि सावकाश लिहिलं: ‘ल ला दोन पाकळ्या आणि मध्ये देठ. दांडा नाही. पहिलीच्या मुलांना असाच शिकवला.’

फाइल जतन केली, गिटमध्ये नोंद घातली. लेखकाच्या नावाच्या जागी आबांचं नाव दिलं.

राहिलेलं: आबांच्या लेखनाची प्रत दर रात्री माझ्या मशीनवर आपोआप यायला हवी. प्रेसच्या मशीनचं काकांशी दिवाळीनंतर बोलायचं.